धुराची वाट

मराठीच्या प्राध्यापकाने हातात पाना धरू नये, असे आमच्या हिचे ठाम मत आहे. व्याकरणातली चूक विद्यार्थ्याच्या दोन गुणांवर भागते; यंत्रातली चूक कशावर भागेल हे सांगता येत नाही, असा तिचा मुद्दा. हे मत बनायला 2014 सालच्या डिसेंबरातली एक पहाट कारण झाली. त्या पहाटेची हकिगत मी आजवर चारचौघांत विनोदी ढंगाने सांगत आलो आहे. तेलाच्या डब्याच्या पत्र्यापर्यंत आलो की लोक हसतात आणि मीही तिथेच थांबतो. पुढचे सहसा सांगत नाही. यंदा दिवाळी अंकासाठी ‘एखादे प्रवासवर्णन द्या’ असे पत्र आले, तेव्हा वाटले, एकदा सगळेच सांगून टाकावे. प्रवास काही फार लांबचा नाही. कराड ते चिपळूण, शंभर किलोमीटरांच्या आतबाहेर. काश्मीर-कन्याकुमारी करून आलेल्या वाचकांनी कृपा करून हसू नये.

आमच्या गाडीचे नाव कपिला. वडिलांनी ती 1994 साली घेतली. रंग तांबूस तपकिरी, म्हणून आईने पहिल्याच दिवशी तिला कुंकवाचे बोट लावून हे नाव ठेवले. वडील गेल्यावर त्यांचे घड्याळ, त्यांची छत्री आणि कपिला अशा तीन वस्तू माझ्या वाट्याला आल्या. घड्याळ मी बांधतो, छत्री मी हरवली, आणि कपिला मात्र जिवापाड जपली. त्या वर्षी दिवाळीनंतर ती हंबरू लागली. आधी हळू, मग असे, की शेजारचे निवृत्त मामलेदार म्हणाले, “प्राध्यापक, तुमची गाडी निघाली की आमच्या कपाटातल्या कपबश्या आरती म्हणू लागतात.”

नेहमीच्या मिस्त्रीने वाकून पाहिले आणि सांगितले, “सायलेन्सर सडलाय, सर. नवा घाला. चार हजार रुपये, आणि माल यायला आठ दिवस.” आमच्याकडे होते चारच दिवस. नाताळच्या सुट्टीत मेव्हण्याच्या मुलीचा साखरपुडा होता, चिपळूणला, सकाळी अकराचा मुहूर्त. “एस.टी.नं जाऊ या की,” ही म्हणाली. तसे गेलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. पण ‘आम्ही गाडीनेच येतो’ असे मी मेव्हण्याला फोनवर सांगून चुकलो होतो, आणि जावयाचा शब्द म्हणजे काय हे मी वाचकांना सांगायला नको.

रविवारी सकाळी मी अंगणात सतरंजी अंथरली. मोबाइलवर एका तरुणाची चित्रफीत पाहिली होती. तो बोलता बोलता दहा मिनिटांत सायलेन्सर नीट करत होता. त्याला दहा मिनिटे, तर एम.ए. झालेल्या माणसाला फार तर अर्धा तास लागावा, असा माझा हिशेब. जॅकने गाडी उचलून, मागे दगड लावून, मी खाली शिरलो. पहिल्या पाच मिनिटांत डोळ्यांत गंज गेला. दहाव्या मिनिटाला हात भाजला, कारण गाडी थंड होऊ द्यावी हे त्या तरुणाने सांगितले नव्हते, किंवा सांगितले तेव्हा मी चहा घेत होतो.

सायलेन्सरला तळाशी रुपयाएवढे भोक होते. शेंगदाणा तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून मी त्याच्याभोवती गुंडाळला, दोन क्लॅम्प आवळले आणि कडांवर लांबी भरली. इथवरचे काम, मी आजही म्हणेन, वाईट नव्हते. पण मनुष्याला थांबावे कुठे हे कळत नाही. पुढे, बरोबर मागच्या सीटच्या पायांखाली, इंजिनाकडून येणारी नळी सायलेन्सरच्या नळीला जोडलेली होती. तो सांधा हलतो आहे असे वाटून मी तिथला बोल्ट आवळायला गेलो आणि गंजलेला बोल्ट कटकन तुटला. सांधा उघडला. मधले पॅकिंग हातात येता येताच भुगा झाले. रविवारी दुकाने बंद. मी घरात आलो. टेबलावर सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. त्याला खालून-वरून जाड पुठ्ठा लावलेला. त्या पुठ्ठ्याचे कातरीने कडे कापले, ते सांध्यात घातले आणि उरलेल्या दोन बोल्टांवर सांधा आवळला.

एवढ्यावर भागले नाही. सायलेन्सर टांगून धरणारे रबरी कडेही या झटापटीत तुटले. आता सायलेन्सर बांधायचा कशाला? मागची सीट उचलून पाहिली, तर खालच्या पत्र्यात बोटभर रुंदीचे एक भोक आणि त्यात बसवलेले काळे रबरी बूच दिसले. मला अगदी आनंद झाला. बूच काढले, भोकातून तार आत घेतली, सीटखालच्या लोखंडी आडव्या पट्टीला तिचे चार वेढे दिले आणि पक्की पिळली. सीट परत बसवली. बूच खिशात टाकले.

कपिला चालू केली. आवाज नाही! म्हणजे होता, पण घरंदाज. गल्लीतून एक फेरी मारून आलो. मामलेदार गॅलरीत येऊन म्हणाले, “वा! भाषेवाल्यांनाही हात असतात तर.” त्या वाक्याने मला जो आनंद झाला, तो माझ्या प्रबंधाला पदवी मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

गुरुवारी पहाटे साडेपाचला आम्ही निघालो. पुढे मी आणि ही. मागे आई, आमची बारा वर्षांची मोठी आणि सात वर्षांचा धाकटा. धाकट्याला खोकला झालेला. हिची रेशमी साडी, मोठीच्या वेणीत अबोली, आणि बाहेर डिसेंबरातली थंडी. चारही काचा घट्ट वर केल्या. आईने तेवढी आपली काच चार बोटे खाली ठेवली.

आईच्या खिडकीची गोष्ट इथे सांगितली पाहिजे. आमच्या घरात आईच्या खोलीची खिडकी बाराही महिने उघडी असते. पावसात गादी भिजली तरी चालेल, पण खिडकी लावायची नाही. तिचे बालपण कोयनानगरला गेले. आजोबा तिथे प्राथमिक शिक्षक होते. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे, चारच्या सुमाराला, तिथे भूकंप झाला. त्यात दीडशेहून अधिक माणसे दगावली आणि दगडमातीची हजारो घरे पडली. आई तेव्हा अकरा वर्षांची. भिंत कलली, दाराची चौकट मुरगळली आणि दार अडकून बसले. आजोबांनी खिडकीचे गज उपटून एकेका पोराला बाहेर दिले. त्यानंतर पुढे कित्येक आठवडे ती माणसे मोकळ्यावर, थंडीत झोपली. ही गोष्ट आईने आम्हांला इतक्या वेळा सांगितली होती, की ती आम्ही ऐकेनासे झालो होतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टींचे असेच होते. त्या भिंतीवरच्या घड्याळासारख्या होतात; टोल पडतो, पण कुणी मोजत नाही.

कराड सोडताना अजून अंधार होता. आमच्या गावचा प्रीतिसंगम वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. कृष्णा आणि कोयना तिथे एकमेकींच्या अगदी समोरासमोर येतात. दोघींचे माहेर एकच, महाबळेश्वर. कृष्णा तिथून वाईकडे उतरते आणि सरळ मार्गाने निघते. कोयना मात्र डोंगरांच्या आड शिरते, दक्षिणेकडे पळत सुटते, आणि हेळवाकला पोचल्यावर अचानक मन बदलल्यासारखी पूर्वेकडे वळते ती थेट बहिणीच्या गळ्यात पडायला कराडला येते. कराडहून पाटणकडे जाणारा रस्ता म्हणजे ही नदी उलटी वाचत जाणे. उसाची शेते, मग भाताची खाचरे, मग दोन्हीकडून जवळ सरकत येणारे डोंगर. पाटणपाशी उजाडू लागते आणि नदीवर धुके दिसते. कापूस पिंजून ठेवावा तसे ते पात्रभर पसरलेले असते.

“काय सुंदर दिसतंय!” मी म्हणालो. कुणी उत्तर दिले नाही. मागे पाहिले, तर दोन्ही मुले झोपलेली. ही कपाळ दाबून बसली होती. “डोकं धरलंय हो,” ती म्हणाली. “आणि कसला तरी जळका वास येतोय.”

“लांबी आहे ती. नवी आहे, उन्हाळून सुकते आहे,” मी अधिकारवाणीने सांगितले. वर्गात एखाद्या शब्दाची व्युत्पत्ती ठाऊक नसली की मी याच आवाजात सांगतो. खालून फसफस असा बारीक आवाजही येत होता. तो मला वाऱ्याचा वाटला.

पाटणच्या पुढे धाकटा खोकला. ही म्हणाली, “सासूबाई, तेवढी काच वर घेता का? त्याला वारा लागतोय.” आईने काच वर घेतली. पाच मिनिटांनी ती म्हणाली, “अरे, थोडी उघडू का? मला कोंडल्यासारखं होतंय.”

“आई, बाहेर थंडी किती आहे! अर्ध्या तासात घाट लागेल, मग ऊन येईल,” मी म्हणालो.

ती गप्प राहिली. माझेही डोके ठणकू लागले होते. पहाटे चारला उठल्याचा परिणाम, असे मी ठरवले. मोठी झोपेतून उठून म्हणाली, “बाबा, मळमळतंय.” “गाडी लागली असेल. लिंबू हुंगायला दे तिला,” मी हिला म्हणालो. घाट अजून लागायचा होता आणि गाडी मात्र सपाटीवरच लागली, हे काही माझ्या ध्यानात आले नाही. प्रत्येक लक्षणाला माझ्यापाशी एक कारण तयार होते. चारही जणांना एकाच वेळी चार निरनिराळी कारणे कशी घडावीत, हा प्रश्न मात्र मला पडला नाही.

हेळवाक दिसू लागले तेव्हा आईने मला न विचारता काचेची फिरकी गरागरा फिरवून काच पार खाली केली. गार वारा आत घुसला. “आई!” मी ओरडलो.

“गाडी थांबव,” आई म्हणाली.

“अगं, इथे कुठे...”

“थांबव म्हणते ना! हा उठत नाही.”

मी गाडी कशी थांबवली हे मला आठवत नाही. मागचे दार उघडले. धाकट्याचे डोके आईच्या मांडीवर होते. मी त्याला हलवले, हाका मारल्या. त्याने डोळे अर्धवट उघडले, माझ्याकडे पाहिले, पण पाहिले असे वाटले नाही. आणि पुन्हा मान टाकली. मी त्याला उचलून बाहेर काढले. त्याचे हात दोन्ही बाजूंना लोंबत होते. मागून उतरताना आईचा तोल गेला आणि ती रस्त्याच्या कडेला बसलीच. मोठीने गवतात ओकारी केली. साखरपुड्याची अबोली तिच्या खांद्यावर लोंबत होती. ही काही बोलत नव्हती. मुलाचे तळवे चोळत होती, आणि तिचेही हात थरथरत होते.

पलीकडे चहाची टपरी होती. तिथे दूध-टेम्पोचा एक चालक चहा पीत होता. तो धावत आला. त्याने मुलाकडे पाहिले, मग कपिलेकडे. इंजिन चालूच होते. मागचे दार उघडे होते. त्याने आत डोके घातले आणि झटकन बाहेर काढले.

“सायेब, गाडीत धूर कोंडलाय की वो! बंद करा आदी ती! पोराला हिकडं आना, वाऱ्याला.”

त्याच्याच टेम्पोत, दुधाच्या कॅनांच्या शेजारी बसून, आम्ही कोयनानगरच्या दवाखान्यात गेलो. अंतर थोडेच आहे. मला ते कराड-चिपळूणपेक्षा लांब वाटले. वाटेत गार वाऱ्याने धाकट्याने डोळे उघडले आणि “आई, पाणी” म्हटले. त्या दोन शब्दांइतके सुंदर मराठी मी अजून कुठे वाचलेले नाही.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी धाकट्याच्या आणि मोठीच्या तोंडावर प्राणवायूचे मुखवटे लावले, आम्हां तिघांना तपासले, आणि मग शांतपणे विचारले, “गाडीचं काही काम केलं होतं का?” मी सांगितले. सगळे नाही, पत्र्यापर्यंतचे.

ते म्हणाले, “इंजिनात पेट्रोल पुरतं जळत नाही, तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तुम्हांला आला तो वास दुसऱ्या जळक्या वस्तूंचा. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूला धरतं, त्याच्या दोनशेहून अधिक पट घट्ट ते या वायूला धरतं. मग प्राणवायूला बसायला जागाच उरत नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग झोप येते. लोकांना वाटतं गाडी लागली, दमलो, जागरण झालं. मुलांचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद, म्हणून त्यांना आधी लागतं. आणि ती झोप...” इथे ते थांबले, मुलाकडे पाहिले, आणि म्हणाले, “खिडकी उघडी होती का एखादी?”

“होती,” आई म्हणाली. “मीच मधनंमधनं उघडत होते. ही मंडळी लावायला सांगत होती.”

“आजी, बरं केलंत,” डॉक्टर म्हणाले. एवढेच. त्यांना ती गोष्ट ठाऊक नव्हती.

दीड-दोन तासांनी मुले बिस्किटे मागू लागली, तेव्हा त्यांना हिच्या आणि आईच्या स्वाधीन करून मी टेम्पोवाल्याच्या ओळखीच्या एका मिस्त्रीला घेऊन कपिलेकडे परत गेलो. मिस्त्री वयस्क होता. फाटके पोते अंथरून तो गाडीखाली शिरला. आधी तेलाच्या डब्याचा पत्रा दिसला, तेव्हा हसण्याचा आवाज आला. “ह्ये झाक बसवलंय,” तो म्हणाला. मग बराच वेळ आवाज नाही. मग त्याचा काळा हात बाहेर आला. तळहातावर राख होती आणि जळक्या पुठ्ठ्याचा नखाएवढा तुकडा.

“ह्ये काय घातलं हुतं सांध्यात?”

“पुठ्ठा,” मी म्हणालो.

तो बाहेर आला. मागची सीट उचलली. पट्टीला दिलेले तारेचे वेढे आणि खालचे उघडे भोक त्याने पाहिले. भोकातून त्याने बोट घातले. खालून ते बरोबर त्या उघड्या सांध्याशेजारी निघाले. आता मात्र तो हसला नाही.

“ह्ये कुनी केलं, सायेब?”

“घरीच केलं.”

“सायेब, धुराची वाट मागं असती. तुमी त्याला घरात वाट दिली.”

वाचकहो, मी वीस-बावीस वर्षे वर्गात शब्द शिकवतो आहे. लक्षणा म्हणजे काय, व्यंजना म्हणजे काय, हे दरवर्षी नव्या मुलांना समजावतो. पण एक वाक्य माणसाला कसे उभे कापू शकते हे मला त्या दिवशी, हेळवाकच्या रस्त्यावर, एका मिस्त्रीने शिकवले. गंजाने पडलेले भोक असते, तर मी नशिबाला बोल लावला असता. हे बूच मी माझ्या हाताने काढले होते. माझी मुले जिथे बसतात, बरोबर त्याच्या खाली. आणि ते काढताना मला आनंद झाला होता.

“बूच कुटं हाय?” त्याने विचारले. ते घरी होते, माझ्या टेबलावर, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याशेजारी. त्याने आपल्या डब्यातले एक जुने बूच शोधून बसवले, तार तोडून टाकली आणि म्हणाला, “पॅकिंग, बोल्ट आन् रबर आनून घालतो. दोन दिस लागतील. तवर हिला हात लावू नका.” पैसे विचारले, तर म्हणाला, “न्यायला याल तवा बघू.” नंतर त्याने घेतलेली एकूण रक्कम मी वाचवू पाहिलेल्या चार हजारांच्या चौथाईसुद्धा नव्हती.

दुपारच्या एस.टी.ने आम्ही चिपळूणला निघालो. एस.टी.च्या खिडक्या खडखडत होत्या आणि एकही पुरती बंद होत नव्हती. एरवी मी त्यावर परिवहनाची टवाळी केली असती. त्या दिवशी त्या खडखडीइतके गोड संगीत नव्हते. कोयनेचे धरण मागे राहिले. 103 मीटर उंच, आणि पोटात सुमारे 105 टी.एम.सी. पाणी. मूळ वळणाने गेले असते तर ते सगळे पाणी कराडवरून पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडे गेले असते. माणसाने सह्याद्रीच्या पोटात बोगदे खणून त्यातले बरेचसे पश्चिमेकडे वळवले. चारशे मीटरांहून अधिक खाली ते पोफळीला डोंगराच्या आतल्या वीजघरात कोसळते आणि वीज देते. 1999 साली आणि पुन्हा 2012 साली चालू जलाशयाच्या तळाशी सुरुंगाने तोंड उघडून पाणी बोगद्यात घेतले, त्याची वर्णने मी वर्तमानपत्रांत कौतुकाने वाचली होती.

कुंभार्ली घाटाच्या वळणांवर मात्र माझ्या डोक्यात दुसरीच गोष्ट आली. वीज करून झालेल्या पाण्याला तिकडे अवजल म्हणतात. काम झालेले पाणी. त्याचेही पुढे काय करायचे, हे त्या अभियंत्यांनी आधी ठरवले. त्याच्यासाठी निराळे बोगदे खणले, कोळकेवाडीला दुसरे धरण बांधून त्याच पाण्यावर पुन्हा वीज केली, आणि मगच ते वाशिष्ठीत सोडून समुद्राकडे रवाना केले. चिपळूणची वाशिष्ठी ऐन उन्हाळ्यातही भरलेली दिसते ती या अवजलामुळे. आत काय घ्यायचे याचा विचार कुणीही करतो. काम झाल्यावर उरते ते बाहेर कुठून जाईल, याचा विचार करतो तो खरा जाणता. मी आवाज बंद केला आणि समजलो, दुरुस्ती झाली. सायलेन्सर या नावानेच मला फसवले. तो गाडीचा आवाज दाबतो एवढेच मला ठाऊक. ती सगळी नळी मुळात विष घराबाहेर नेण्यासाठी आहे हे मला कळले नव्हते. पुढे वाचनात आले, की 1995 सालापासून आपल्याकडे चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. हा डबा त्या विषारी वायूचे पुष्कळसे निर्विष करून टाकतो. कपिला त्याच्या एक वर्ष आधीची.

चिपळूणला पोचलो तेव्हा साखरपुडा होऊन पंगतीही उठल्या होत्या. मेव्हणे चिडले होते. हिने एका कोपऱ्यात नेऊन त्यांना सांगितले तेव्हा काही न बोलता त्यांनी धाकट्याला उचलून घेतले आणि संध्याकाळपर्यंत खाली ठेवले नाही.

रात्री सगळी निजानीज झाल्यावर मी आईजवळ जाऊन बसलो. माझ्याच्याने बोलवेना. शेवटी म्हणालो, “आई, तुला काच लावायला सांगितली मी.”

“हो,” आई म्हणाली. “आणि मी दोनदा ऐकलं तुझं. तिसऱ्यांदा नाही ऐकलं. त्या पहाटेही असंच झालं होतं बघ. बाबांनी आधी दोनदा दारच ओढून पाहिलं.” थोड्या वेळाने म्हणाली, “नीज आता. ती खिडकी तेवढी उघडी ठेव.”

मी ठेवली, आणि प्रथमच ती सगळी गोष्ट, चौकट मुरगळल्यापासून शेवटचे पोर बाहेर येईपर्यंत, तिला पुन्हा सांगायला लावली.

कपिला आणखी तीन वर्षे आमच्याकडे होती. आता नवी गाडी आहे. तिच्या काचा बटणाने खालीवर होतात आणि तिच्या पोटात काय चालते हे मला ठाऊक नाही. ठाऊक करून घेण्याचा माझा विचारही नाही. आवाज बदलला, वास आला, की मी मिस्त्रीकडे नेतो आणि तो सांगेल ते पैसे देतो. काळे रबरी बूच अजून माझ्या टेबलावर आहे. उत्तरपत्रिका तपासताना एखाद्या मुलाने फारच आत्मविश्वासाने चुकीचे लिहिलेले दिसले, की माझे लक्ष आधी त्याच्याकडे जाते आणि मग लाल पेन्सिलीकडे.

आई आता सत्तरीला टेकली आहे. आम्ही कुठेही निघालो की ती मागे, डाव्या बाजूला बसते. गाडी गल्लीच्या तोंडाशी येते न येते तोच मागे बटणाचा बारीक आवाज होतो आणि काच चार बोटे खाली येते. बाहेर थंडी असो, पाऊस असो, धूळ असो. धाकटा आता उंचीने माझ्या बरोबरीला आला आहे. वाऱ्याने त्याचे निगुतीने विंचरलेले केस विस्कटतात. तो हाताने ते सारखे करतो, पण काही बोलत नाही.